एकच शाळा, दोन पेन्शनी

आमच्या जिल्हा परिषद शाळेत मोठे सर २००४ साली लागले, मी २००७ला. वर्ग शेजारी-शेजारी, पोषण आहाराची नोंदवही एकच, निवडणुकीची ड्युटीही दोघांना. पण ते निवृत्त झाले की शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता. त्यासाठी पगारातून कपात शून्य. मी पडलो १ नोव्हेंबर २००५ नंतरचा, म्हणजे नव्या पेन्शन योजनेतला (एनपीएस). माझे दरमहा दहा टक्के कापतात, सरकार चौदा घालतं, आणि या योजनेत पुढे पेन्शन किती ते बाजाराच्या मर्जीवर. मार्च २०२३च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ओरडून घसा बसला होता माझा.

घरी मात्र अण्णांनी गाठलं. ते खासगी कारखान्यातले, ईपीएस-९५वाले, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या पेन्शन योजनेतले. त्या योजनेत किमान पेन्शन २०१४ साली हजार रुपये ठरली नि वर्षानुवर्षं तिथेच अडकली. महागाई भत्ता वगैरे लाड नाहीतच. म्हणाले, “तुझी पेन्शन कुणाच्या करातून रे? माचिस घेतली तरी कर भरतो मी.”

काय बोलणार? निम्म्या पगाराची हमी मला हवीच आहे. पण कपात करून द्या म्हणा, माझी ना नाही. संघटनेत हे बोललो तर चहासुद्धा मिळायचा नाही.