पांढरं पाणी

ओपल हा रत्नाचा खडा घासायला बसलं की मशीनखालच्या ट्रेमध्ये पाणी साचत जातं. ते पांढरं असतं. दगड तांबड्या ठिणग्यांचा असो, निळा-हिरवा असो, पाणी आपलं चुना कालवल्यासारखं पांढुरकं, फार तर राखाडी. पहिल्या दिवशी मी त्यात बोट बुडवून उजेडात धरून पाहिलं. वीट घासली तर पाणी तांबडं होतं, हळकुंड उगाळलं तर पिवळं. मग तासभर घासून माझ्या दगडाचा जो कोपरा मी नाहीसा केला, त्याचा हिरवा रंग गेला कुठे?

उत्तर पुस्तकात मिळालं, पण पटायला वेळ लागला. हिरवा रंग तिथे नव्हताच. ओपल म्हणजे सिलिका आणि पाणी. पाणी खरोखरचं, दगडाच्या आत कोंडलेलं, बहुतेक वेळा वजनाच्या 6 ते 10 टक्के. सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे शिस्तीत एकावर एक रचले गेले, की त्या रांगांमधून जाणारा प्रकाश फुटून रंग दिसतात. गोळे साधारण 150 ते 300 नॅनोमीटरचे. लहान असतील तर निळा-जांभळा, मोठे असतील तरच लाल. 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही रचना दाखवली. तेच गोळे कसेही ढिगाने पडले असतील, तर तो 'पॉच'. त्याच खाणीतला, त्याच जातीचा, पण रंग नाही. म्हणजे माझं चाक रंग खरवडत नव्हतं, रांगा मोडत होतं. मोडलेल्या रांगांचा भुगा पांढराच दिसणार.

हे कळल्यापासून ट्रेकडे बघवत नाही.

शिकणाऱ्याने आधी पॉचवर हात बसवावा, असं सगळेच जाणते सांगतात. मी दोन पॉच घासले आणि कंटाळले. छंदाचं हे असंच असतं, नोकरी असती तर निमूट वीस घासले असते. नावाच्या बाबतीतही ओपलने आपल्याला आधीच चकवलंय. हा शब्द संस्कृत 'उपल'वरून गेला असावा असं बरेच अभ्यासक मानतात, आणि उपल म्हणजे नुसता दगड. पण दगड म्हणून त्याच्याशी वागायला जावं तर हा रुसतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे बाकीच्या दगडांचं. ओपलला टाकीचा एक घाव बसला तर देवपण नाही, दोन तुकडे. उष्णता लागली तर तडे. म्हणून त्याला काडीवर चिकटवायलासुद्धा मी लाख तापवत नाही. खिळ्याच्या सपाट डोक्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब टाकते आणि त्यावर दगड बसवते. या काडीला डॉप म्हणतात. डॉप हातात आला की बोटं चाकापासून लांब राहतात आणि दगड हवा तसा फिरवता येतो. चाकांवर हिऱ्याची पूड असते. 220 नंबरपासून सुरुवात, मग 600, 1200, 3000. नंबर वाढतो तसा कण बारीक होतो. वरून पाण्याची धार सतत हवी, दगड तापू नये म्हणून आणि सिलिकाची धूळ छातीत जाऊ नये म्हणून. तरी तोंडावर मास्क असतोच.

आता त्या पाण्याची लबाडी सांगते. ओला दगड खोटं बोलतो. चाकाने पाडलेल्या बारीक चऱ्यांमध्ये पाणी भरतं आणि पृष्ठभाग आरशासारखा दिसायला लागतो. आपण खूश होऊन पुढच्या चाकावर जातो. तिथेही सुंदर. शेवटी सेरियम ऑक्साइडची झिलई द्यायची म्हणून फडक्याने पुसावा, पाच मिनिटं वाळू द्यावा, आणि मग दिसतात 220 नंबरचे चरे, नांगरलेल्या शेतासारखे. ते 3000 च्या चाकाने या जन्मात जाणार नाहीत. परत पहिल्या चाकावर यायचं. मागे येणं म्हणजे आणखी दगड घालवणं.

माझा पहिला खरा दगड असाच गेला. ऑस्ट्रेलियातला होता, नखाएवढा, आणि त्यात रंगाचा थर होता पोस्टकार्डाएवढ्या जाडीचा. त्याला कॅबोशाँचा आकार द्यायचा होता, म्हणजे खालून सपाट, वरून घुमट. घुमट छान जमला होता. माथ्यावर एक चरा होता. एकच. मी म्हटलं, एकदा फिरवते. मग आणखी एकदा. दगड पुसून पाहिला तेव्हा चरा गेला होता आणि माथ्यावर एक करडं टक्कल होतं. भोवती हिरव्या-निळ्याची झालर, मधोमध पॉच. आई दारात उभी होती. म्हणाली, "एवढा वेळ दगड घासतेस, कढई घासायला सांगितली की पाठ दुखते." मी ट्रेकडे बघितलं. पाणी पांढरं.

कोरीवकामाकडे मी कलेच्या ओढीने वळले असं सांगायला आवडलं असतं. खरं तर त्या टकलामुळे वळले. रंगाचा थर जमिनीतल्या भेगेत कसा साचेल तसा साचतो, सरळ पातळीत राहण्याचं त्याच्यावर बंधन नाही. तो खाली उतरतो, वळतो, एका टोकाला विरतो. आपण वरून सरसकट घुमट काढला, की जिथे थर खाली गेलाय तिथे वर पॉच उरतो आणि जिथे वर आलाय तिथे टक्कल पडतं. कोरताना हट्ट सोडावा लागतो. हातातल्या छोट्या फिरत्या यंत्राला हिऱ्याची पूड लावलेलं, तांदळाच्या दाण्याएवढं टोक लावायचं, दगड पाण्याखाली धरायचा आणि रंग जिकडे जाईल तिकडे जायचं. तो खाली गेला तर तिथे खळगा, वर आला तर उंचवटा. शेवटी जे तयार होतं त्याला लोक पान म्हणतात, लाट म्हणतात. करणारीने काही ठरवलेलं नसतं. निदान माझ्यासारखीने तरी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या बोल्डर ओपलमध्ये तर रंगाची शीर तपकिरी लोहदगडाला बिलगलेली असते. ती वेगळी काढायच्या फंदात कुणी पडत नाही, दगडासकटच घडवतात.

खळग्यातले चरे काढणं मात्र अशक्यप्राय त्रासदायक आहे. चाक तिथे पोचत नाही. लाकडी काडीचं टोक घासून, त्याला बारीक पूड लावून, गोल गोल, गोल गोल. आणि दर थोड्या वेळाने पुसायचं, वाळवायचं, भिंगातून बघायचं. आताशा मी घासते त्याहून जास्त वेळ दगड वाळायची वाट बघते.

वाट बघण्याचा कळस इथिओपियाच्या दगडाने केला. तिथल्या वेलो भागातलं ओपल बऱ्याचदा पाणी पितं. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या हातात तसं होणं वेगळं. अर्धं कोरून झालं, पान बरं जमत होतं, आणि हळूहळू दगड पारदर्शक होत गेला. आधी कडा, मग पोट. रंग मावळले. हातात उरला काचेचा ओला खडा. रांगा शाबूत होत्या, रंध्रांमध्ये पाणी भरल्यामुळे प्रकाशाला त्या जाणवेनाशा झाल्या होत्या, एवढंच. घाईने वाळवायला गेलं तर तडा जाईल, म्हणून उन्हापासून लांब, कपाटावर एका ताटलीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी काच. तिसऱ्या दिवशी धुरकट काच. आईने ताटली उचलून विचारलं, "हा तुकडा टाकून देऊ का गं?" मी धावत जाऊन काढून घेतली.

पाचव्या दिवशी सकाळी देठाकडच्या बाजूला हिरवा ठिपका होता, शेजारी शेंदरी. दुपारपर्यंत पान भरलं. मी आईला हाक मारली. तिने कपाळावरचा चष्मा खाली घेतला, दगड खिडकीपाशी नेला, सावकाश फिरवला. डावीकडे हिरवा, उजवीकडे तांबडा, परत हिरवा. बराच वेळ काही बोलली नाही.

मग म्हणाली, "इथे एक चरा राहिलाय बघ."

होता.