छोट्या लाईनची चावी

रविवार, रात्री

रेल्वेच्या भरावाखालची मोरी साफ करताना कुणी फोटो काढत नाही. झाडं लावली की काढतात, फलक लावला की काढतात. दगडी कमानीखाली उकिडवं बसून घमेल्यानं गाळ उपसणाऱ्यांचा फोटो बघायचा तरी कुणाला? त्यामुळेच की काय, आज आम्ही सहा-सातच जण होतो. जूनमध्ये फलक लावला त्या सकाळी गाड्या उभ्या करायला जागा नव्हती.

आमची वाट म्हणजे जुन्या छोट्या लाईनचा बाजूला पडलेला एक तुकडा, चालण्या-सायकलीसाठी आम्ही काही जण हौसेनं राखतो तो. नागपूरच्या इतवारीहून निघणारी छिंदवाड्याची नॅरोगेज 2015च्या नोव्हेंबरअखेर बंद झाली आणि तिच्या जागी ब्रॉडगेज आली. नवी लाईन टाकताना आमच्या इथलं एक वळण सरळ केलं, म्हणून जुनं वळण तसंच राहिलं. रूळ उचलले, स्लीपर गेले, वरची चांगली गिट्टीही गेली. उरला भराव, खडीचा चुरा आणि मोऱ्या. सावनेरच्या बाजूला आहे, एवढंच लिहिते. गावाचं नाव घातलं की पुढच्या रविवारी तिथं ड्रोन उडेल.

वाटेचं पहिलं कौतुक गुडघ्यांना. चढ आहे, पण लागत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फारसं धरत नाही, गाडीला उभा चढ झेपत नाही. म्हणून रेल्वेवाले उंचवटा कापतात, खोलगटात भराव घालतात. सपाट मुलखात शंभर मीटरला मीटरभर चढ म्हणजे त्यांच्या लेखी बराच झाला. बैलबंडीच्या रस्त्याचे एवढे लाड कुणी केले नसते. पंचाहत्तरी ओलांडलेले आमचे एक काका आज त्याच लाडांवर टुणटुणीत चालतात, आणि आम्ही दमलो की पुढून मागे वळून बघतात.

लहानपणी या वळणावरून मी किती वेळा गेले असेन. मामाचं गाव सौंसर. इतवारीला गाडीत बसायचं, खिडकीशी भांडण, मग डोळ्यात कोळशाचा कण, मग आईचा पदर तोंडात धरून केलेला ऊन फुंकर-शेक. रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. डबा असा डोलायचा की उभ्याने संत्रं सोलणं ही कला होती. इंजिन बघायचं असेल तर मोतीबागेत, कडबी चौकाजवळ, नॅरोगेज संग्रहालय आहे 2002 पासून. तिथं इंजिनं रंगवून उभी केली आहेत. छानच आहे ते. पण मामाकडे जाणारं वळण कुठल्या शेडमध्ये मावणार?

तर आजची मोरी. पावसाळ्यात शेतातलं पाणी भरावाच्या या अंगाहून त्या अंगाला जावं म्हणून ही कमान. बाहेरून हातभर उंचीची वाटते. आत शिरलं की कळतं, खालचं निम्मं गाळानं भरलंय. आपल्याकडची काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. पाणी भरावाला टेकून उभं राहिलं की भराव खालून मऊ होतो आणि एक दिवस वरची वाट बसते. गेल्या महिन्यात तशी ती वीतभर बसली. वरून मुरूम टाकावा असं बहुतेकांचं मत पडलं. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या ताई मात्र म्हणाल्या, "मुरूम टाकाल तोही बसेल. आधी खाली उतरा."

म्हणून खाली उतरलो. आधी सब्बलीनं आवाज केला, आत कोण बसलंय ते बघायला. एक धामण शांतपणे पलीकडून निघून गेली. मग टिकासानं वरचा कडक थर फोडला आणि फावड्यानं ओढत बाहेर आणला. गाळात काय नव्हतं! बेशरमाच्या मुळ्यांचं जाळं, खताची प्लॅस्टिक पोती, गुटख्याच्या पुड्या, एक चप्पल, आणि तळाशी गंजून पाव किलोचा ऐवज झालेला एक बोल्ट. तळ लागला तेव्हा घडीव दगडांची फरशी दिसली, सांधे चुन्याचे, आणि मधोमध पाण्यासाठी दिलेला अगदी हलका उतार. कुणीही बघणार नाही अशा जागी इतकी नेटकी फरसबंदी! ताई गुडघ्यावर बसून त्या सांध्यांवरून बोट फिरवत राहिल्या. त्यांना एरवी कुठलंच काम पसंत पडत नाही.

वर आल्यावर त्यांनी लेव्हलची नळी काढली. गवंडी वापरतात तीच, पारदर्शक, पाणी भरलेली. एक टोक वाटेच्या मधोमध, दुसरं काठाला. मधला भाग काठापेक्षा दोन बोटं उंच हवा, तरच पावसाचं पाणी बाजूला सांडतं. नाहीतर चालणाऱ्यांच्या पावलांनी मधे नाली पडते आणि सगळा मुरूम तिच्यातून वाहून जातो. आमची मधली बाजू नेमकी खोल निघाली. सगळे मधूनच चालतात ना. कडेनं चाला असं सांगणारा फलक लावावा असं एकाने सुचवलं. फलक म्हटलं की आमच्यात फार उत्साह.

गाजर गवत उरकलं भराभर. ओल आहे तोवर मुळासकट येतं आणि फुलण्याआधी काढलं तरच उपयोग, कारण एका झाडाला हजारोंनी बिया. हातमोजे हवेतच, मागच्या वर्षी एकीला मनगटापासून कोपरापर्यंत खाज उठली होती. तरोटा, म्हणजे टाकळा, मात्र ठेवला. श्रावणात कोवळा होता तेव्हा भाजीला खुडून नेला होता, आता शेंगा धरल्यात.

परतताना गावातल्या पानठेल्यावर थांबलो. तिथे रेल्वेतून निवृत्त झालेले एक गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे, बसतात. आमच्यावर त्यांचा राग आहे आणि तो ते लपवत नाहीत.

"गाडी बंद केली, अन् तुम्ही आता लाईन झाडून राहिले. कायले?"

"काकाजी, वाट राहील ना," मी म्हटलं.

"वाट काय, वाट तं ढोरं पण पाडते. खिशात चिल्लर असली तरी आम्ही इतवारी गाठत होतो. आता स्टेशन पहा किती दूर गेलं."

मोरी साफ केल्याचं सांगितलं, तर म्हणाले, "आम्ही दर साल मिरगाच्या आधी करत होतो." आणि पान जुळवायला लागले.

हे घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही. पावसाळ्यात रात्री दिवा घेऊन रुळांवरून चालणारे गस्तवाले असत. सकाळी की-मन हातोडा घेऊन निघे आणि ढिल्या चाव्या, म्हणजे रूळ जागेवर धरणाऱ्या पाचरी, ठोकत जाई. मोऱ्या, गवत, भराव हे सगळं कुणाचं तरी रोजचं काम होतं, पगारी काम, आणि ते नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नसे. आता तेच काम, त्याचा फार तर शंभरावा भाग, आम्ही रविवारी हौसेनं करतो आणि आमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. गँगमनला कुणी नारळ दिल्याचं ऐकलं नाही.

मंगळवार

व्हॉट्सॲप ग्रुपवर खांबांवरून जुंपली आहे.

झालं असं की वाटेवर ट्रॅक्टर येतात. रात्री येऊन भरावाचा मुरूम भरून नेतात. दोन ठिकाणी भरावाचा कोपराच गायब आहे. म्हणून दोन्ही तोंडांना लोखंडी खांब रोवायचे ठरलं. मग निघाला दुचाकींचा मुद्दा. सकाळी फिरणाऱ्यांना त्या नकोत. "शांतता मिळत नाही", "लहान मुलं असतात" वगैरे. खांब इतके जवळ लावू की मोटरसायकल शिरणारच नाही.

ताईंनी काल घरात टेप घेऊन मोजलं आणि आकडे ग्रुपवर टाकले. मोटरसायकलचं हँडल फार तर पाऊण मीटर रुंद. दुधाचे कॅन लावलेली सायकल त्याच्याहून रुंद. चाकाची खुर्ची जवळपास तेवढीच. म्हणजे मोटरसायकल अडवायची तर दूधवाला अडणार, शाळेच्या पोरींच्या सायकली अडखळणार, आणि मोटरसायकलवाला गाडी तिरकी करून हसत आत जाणार.

मी लिहिलं की पोरींच्या सायकली या वाटेवरून जातात म्हणूनच ही वाट ठेवायची. आपण रविवारी येतो. त्या सोमवार ते शनिवार जातात, कारण डांबरी रस्त्यावर टिप्पर असतात. त्यावर अंगठे आले तीन आणि "पण नियम हवेत ना" असा एक संदेश. नियम हवेतच. नवी लाईन हाकेच्या अंतरावर आहे. तिच्यावर फोटो काढायला धावणाऱ्या पोरांना आम्ही दरडावतो की रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे, आणि जिवाशी खेळ तो वेगळाच. हे सांगताना माझा आवाज थोडा खाली येतो. आमचा तुकडाही रेल्वेच्याच जमिनीवर आहे. परवानगी म्हणजे एका साहेबांचा तोंडी शब्द: "करा, पण पक्कं काही बांधू नका."

अमेरिकेत याची सोय 1983 सालीच कायद्यात करून ठेवली आहे. बंद लाईनची जमीन तात्पुरती वाटेसाठी द्यायची, मालकी हक्क विखुरू द्यायचा नाही. उद्या गाडी परत आणायची झाली तर जागा सलग मिळते. त्याच्याही आधी, 1967 मध्ये, विस्कॉन्सिनात एलरॉय ते स्पार्टा अशी जुनी लाईन चालण्या-सायकलीसाठी खुली झाली, तीन बोगद्यांसह. पण मला जवळचे वाटतात ते इंग्लंडातले ब्रिस्टलचे सायकलवाले. ब्रिस्टल ते बाथ 21 किलोमीटर, स्वयंसेवकांनी फावडी घेऊन 1979 ते 1986 अशी सात वर्षं खपून वाट केली. आणि ती वाट शहरातली आहे. लोक तिच्यावरून कामावर जातात. त्या सात वर्षांत मोऱ्या उपसणारे किती आणि फलकवाले किती, हे कुणी लिहून ठेवलं असतं तर वाचलं असतं.

शुक्रवार

खांब लागले. पाच फुटांवर, मोटरसायकलींचा नाद सोडून. पक्कं बांधायचं नाही म्हणून सिमेंटमध्ये फक्त पाईपची बाही पुरली आणि खांब तिच्यात सोडला.

आता बंडीचं काय? सोयाबीन निघायला लागलंय, दसऱ्यानंतर कापूस येईल. भरावापलीकडे ज्यांची शेतं आहेत त्यांच्या बंड्या वर्षानुवर्षं याच तुकड्यावरून येतात. बंडी जाईल एवढी जागा ठेवली तर ट्रॅक्टरही जातो. शेवटी मधला खांब काढता येईल असा केला, खाली कडी आणि कडीला कुलूप. वेल्डिंगवाल्यानं दीडशे रुपये जास्त घेतले आणि "काकू, हे फाटकच झालं" म्हणून हसला.

चावी कोणाकडे ठेवायची यावर ग्रुपवर एकमत झालं नाही. एक जण म्हणे ग्रामपंचायतीत ठेवा, दुसरा म्हणे मग ट्रॅक्टरवाल्यालाच द्या ना सरळ. कुणी आकड्यांचं कुलूप सुचवलं, ज्याचा आकडा आठ दिवसांत तालुक्याला कळला असता. तोवर चावी राहिली माझ्या पर्समध्ये, घरच्या किल्ल्यांच्या जुडग्याला.

शनिवार

पहाटे सव्वापाचला फोन.

"ताई, खांबाची चावी कोणापाशी आहे?"

"माझ्यापाशी."

"तुम्ही कुठं आहे?"

"नागपूरला. घरी."

पलीकडे क्षणभर कुणीच बोललं नाही. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. मग ते गृहस्थ फार सभ्यपणे म्हणाले, "मंग आता बंडी उचलून नेतो काय मी?"

त्यांना वळसा घालून जावं लागलं, चांगला दोन किलोमीटरचा. नऊ वाजता मी इतवारीतून कुलूपवाल्याकडून दोन चाव्या जास्तीच्या करून घेतल्या. ग्रुपवर विचारलं नाही. अकराच्या एसटीनं गेले. एक चावी त्या शेतकऱ्याच्या घरी दिली. त्यांच्या सूनबाईनं चहा केला आणि दोनदा विचारलं की आमच्याकडून काही पैसे लागतात का. दुसरी पानठेल्यावर घेऊन गेले.

गँगमन काकाजींनी चावी उलटसुलट करून पाहिली.

"अन् रात्री ट्रॅक्टर आला तं?"

"तुम्ही नका उघडू."

"मी कायले उघडू?" म्हणाले, आणि चावी सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली. मग लगेच: "ते दुसऱ्या मोरीचं तोंड तुम्ही साफ केलंच नाही. शेताच्या अंगाचं. तिथून पाणी मागं येते."

दुसरी मोरी आमच्या यादीत नव्हती. ताईंना फोन केला, त्यांनाही ती माहीत नव्हती. बेशरमात पूर्ण बुडाली आहे म्हणे. उद्या सकाळी सहाला तीच घ्यायची. जास्तीचे दोन विळे लागतील, आणि गमबूट. ग्रुपवर टाकलंय. आतापर्यंत चार जणांनी 'येतो' म्हटलंय, एकाने विचारलंय की तिथे फलक लावायचा का.