चैत्रातला तांब्या

आमच्या मंडळाचं पावतीपुस्तकावरचं नाव एवढं लांबलचक होतं की वानवडीत ते कधी कुणी उच्चारलंच नाही. सगळे म्हणायचे ‘मेडिकलवाल्यांचं मंडळ’. सभासद म्हणजे आर्मी मेडिकल कोअरमधून निवृत्त झालेले नर्सिंग असिस्टंट, लॅब असिस्टंट, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, झालंच तर एखादा स्टोअरवाला. डॉक्टर एकही नाही. माझे बाबा लॅब असिस्टंट. हवालदार म्हणून बाहेर पडले आणि शेवटचं पोस्टिंग पुण्यात होतं म्हणून इथलेच झाले.

मंडळाचा वर्षातून एकच कार्यक्रम, ३ एप्रिलच्या जवळच्या रविवारी. १९४३ साली याच तारखेला जुन्या तीन सेवा एकत्र करून ही कोअर उभी राहिली, म्हणून तो दिवस. नेमका चैत्र असल्यामुळे बायकांनी त्यात आपलं हळदीकुंकू घुसवलं. मांडव एक, खर्च एक. म्हणजे भाड्याने घेतलेल्या शाळेच्या पटांगणात एका बाजूला स्टेज, त्यावर आर्मी मेडिकल कोअरचं ब्रीद ‘सर्वे सन्तु निरामयाः’ खडूनं लिहिलेला फळा, आणि दुसऱ्या बाजूला आंब्याची डाळ, पन्हं आणि भिजवलेले हरभरे. पाडवा एप्रिलच्या मध्यावर आला की गौर बसायच्या आधीच डाळ वाटली जायची. कोपऱ्यातल्या घरातल्या आजी त्यावर हटकून हरकत घ्यायच्या आणि हरकत घेता घेता दुसरा द्रोण संपवायच्या.

कार्यक्रमाचा गाभा म्हणजे सत्कार. सैन्यातल्या वैद्यकीय संशोधनासाठी ज्याला त्या वर्षी कुठं बक्षीस मिळालं असेल, त्या डॉक्टरला बोलवायचं आणि शाल, श्रीफळ, तांब्याचा तांब्या द्यायचा. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे पुणेकरांचं एएफएमसी, आमच्या घरापासून सायकलीच्या अंतरावर. १ मे १९४८ला सुरू झालेलं. तिथं परिषदा भरायच्या, शोधनिबंध वाचले जायचे, पदकं दिली जायची. आमच्या सभासदांनी हे सगळं पाहिलं ते मागच्या दाराशी उभं राहून. बाबा सांगत, “साहेबांना पदक मिळालं की आम्ही टाळ्या सगळ्यात जोरात वाजवायचो. त्यातल्या नळ्या आम्हीच मोजलेल्या ना!”

निवडीचा नियम एकच होता. डॉक्टरनं आपलं संशोधन दहा मिनिटांत, मराठीत, पोराबाळांना कळेल असं सांगायचं. भाषेची सवलत होती, वेळेची नव्हती. पंजाबी, मल्याळी डॉक्टर हिंदीत बोलायचे आणि शेवटी ‘धन्यवाद’ म्हणून टाळ्या घ्यायचे. अकराव्या मिनिटाला एक निवृत्त नायक स्टेजच्या कडेला ट्रंकेवर चमचा वाजवायचा. समोर कर्नल असो नाहीतर ब्रिगेडियर. नोकरीत असताना जे जमलं नाही ते तो इथं मनसोक्त करून घेत असावा, असा माझा आपला संशय.

सत्काराआधी मुलांचं नाटुकलं. मी दहा वर्षांची असताना आम्ही जेम्स लिंडचं केलं. लिंड म्हणजे ब्रिटिश आरमारातला सर्जन. १७४७ साली त्यानं स्कर्व्ही, म्हणजे ताजी फळं-भाज्या न मिळाल्यानं होणारा आजार, झालेले बारा खलाशी घेतले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळं औषध दिलं. एकीला सफरचंदाची दारू, एकीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, असं. ज्या दोघांना संत्री आणि लिंबं मिळाली, ते आठवड्याभरात उठून बसले. मी समुद्राच्या पाण्याच्या जोडीत होते. बाबांनी मीठ तोलून पाणी तयार केलं होतं. लॅबवाला माणूस, उगीच साधं पाणी पेल्यात घालून पोरीला वाचवणं त्यांना पटेना. मी स्टेजवर पहिला घोट घेतला आणि जी ओकारी काढली, ती अभिनय समजून लोकांनी वन्स मोअर दिला. तिकडे संत्र्याच्या जोडीतली दोघं भावंडं खरी संत्री सोलून खात होती. आपला प्रवेश संपला तरी हलेनात. पडदा त्यांच्या अंगावरच पडला.

आरमारानं लिंबाचा रस सगळ्यांना द्यायला १७९५ साल उजाडलं, हे बाबांनी त्याच रात्री मला घरी सांगितलं. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं. मी तोवर चूळ भरत होते.

तांब्या आणायला मात्र बाबा दरवर्षी मला न्यायचे. कसबा पेठेतल्या तांबट आळीत शिरलं की आधी आवाज यायचा. ठोक्यावर ठोका, प्रत्येक दुकानाचा वेगळा ताल. तो हातोडीचा मठार पडलेला तांब्या, त्यावरच्या एकाशेजारी एक बसलेल्या गोल खुणा, हातात घेतला की बोटांना लागायच्या. बाबा तो कानाशी धरून टिचकी मारायचे, दुसरा घ्यायचे, पुन्हा पहिला. बोहारणीनं वाजवावा तसा. पसंत पडला की वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत. मग परत येताना कुंभारवाड्यावरून, आणि तिथं त्यांची दरवर्षीची गोष्ट. मला पाठ झाली होती तरी मी ऐकायचे.

कावसजी नावाचा मराठा गडी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. टिपूनं त्याचं नाक कापलं आणि एक हात तोडला. वर्षभर तो बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळच्या एका कारागिरानं त्याला नवीन नाक बसवलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घ्यायचं, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेनं रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची. दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी तशीच जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहतं. वर काताचा लेप लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेल्या चिंध्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापायची. “कात आणि तूप,” बाबा बोट वर करून म्हणायचे, “पानाच्या डब्यातलं एक आणि फोडणीच्या डब्याशेजारचं एक.”

मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासकट सगळी हकिगत छापून आली. ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जननं १८१४ साली तिकडे तेच करून दाखवलं, तेही एका लष्करी अधिकाऱ्यावर. आज प्लॅस्टिक सर्जरीच्या पुस्तकात ही गोष्ट असतेच. ज्या वर्षी महादजी शिंदे आमच्या वानवडीत वारले, त्याच वर्षी ते छापून आलं, हे बाबा दरवेळी जोडायचे. जणू शिंदे छत्रीचाही, म्हणजे महादजींच्या इथल्या समाधीचाही, त्या शस्त्रक्रियेत काही वाटा होता.

“आणि कारागिराचं नाव?” मी विचारायचे, कारण तिथं मी विचारायचं हे ठरलेलं होतं.

“नाही लिहिलं. विटा पाडणाऱ्यांतला होता, एवढंच. बैलवाल्याचं नाव राहिलं, नाक बसवणाऱ्याचं गेलं.”

त्या मासिकात ‘विटा पाडणारा’ असं आहे. बाबा त्याला कुंभारच म्हणायचे आणि कुंभारवाड्याकडे पाहत म्हणायचे. मी मोठी झाल्यावर ही दुरुस्ती करून पाहिली. त्यांनी ती ऐकली आणि पुढच्या वर्षी पुन्हा कुंभारच सांगितला.

नावांचं त्यांना वेडच होतं. रोनाल्ड रॉस म्हणजे लष्करातला डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसचा. २० ऑगस्ट १८९७ला सिकंदराबादेत त्याला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला आणि १९०२ला नोबेल मिळालं. हे शाळेत सगळेच शिकतात. बाबांना त्यातला हुसेन खान महत्त्वाचा. या रुग्णाला रॉस एक डास चावून घ्यायचा एक आणा द्यायचा. “रॉसनं नाव टिपून ठेवलं म्हणून कळलं तरी,” ते म्हणायचे. रॉसबद्दल त्यांचं मत त्यामुळे चांगलं होतं.

एका वर्षी सत्कारमूर्ती होत्या काविळीवर काम केलेल्या बाई. मेजर होत्या. बारीक चणीच्या, आवाज खणखणीत. त्यांनी रशियन शास्त्रज्ञ बालायान यांची गोष्ट काढली. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैनिकांत काविळीची साथ होती. नेहमीच्या कुठल्याच विषाणूत ती बसेना. नमुने मॉस्कोला जिवंत कसे न्यायचे, हा प्रश्न. तेव्हा या गृहस्थांनी नऊ रुग्णांच्या शौचाचा गाळीव अर्क घेतला आणि दह्यात मिसळून...

नेमकी त्याच क्षणी मागच्या रांगेत मठ्ठ्याची बादली फिरत होती. उन्हाळा फार म्हणून त्या वर्षी पन्ह्याबरोबर मठ्ठाही केला होता, कोथिंबीर-आलं लावून.

“...पिऊन टाकला,” बाई म्हणाल्या.

अख्ख्या मांडवात एकदम हात थांबले. बाई मात्र थांबल्या नाहीत. महिनाभरानं बालायान यांना सडकून कावीळ झाली, मग त्यांच्या स्वतःच्याच नमुन्यात नवा विषाणू सापडला, १९८३ला निबंध छापून आला, आज आपण त्याला हेपटायटिस ई म्हणतो, दूषित पाण्यातून पसरतो, पाणी उकळून प्या. दहा मिनिटांच्या आत. चमचा वाजलाच नाही. वाजवणाऱ्याच्या हातात मठ्ठ्याचा पेला होता आणि तो त्याच्याकडे बघत बसला होता. त्या रात्री एक अख्खं पातेलं मठ्ठा परत आला. आईनं दुसऱ्या दिवशी त्याची कढी केली. आम्ही खाल्ली, पण गप्प बसून.

असे खूप कार्यक्रम झाले. बरेचसे आता एकमेकांत मिसळलेत. कुठल्या वर्षी माइक जळला, कुठल्या वर्षी अवकाळी पाऊस आला, सांगता येणार नाही. मंडळही आता नाही. सभासदच उरले नाहीत. पण एक वर्ष मला स्वच्छ आठवतं.

त्या वर्षीचे पाहुणे कर्नल होते. उंचावर रक्ताच्या गुठळ्या का होतात, यावर त्यांचं काम. सुरुवात त्यांनी मागून केली. १९६२ साली चीनच्या सरहद्दीवर सपाटीवरची माणसं थेट उंचावर नेली गेली. सराव नाही, मुक्काम नाही. डोकं फुटायला लागायचं, उलट्या, छातीत पाणी भरायचं, तोंडाला गुलाबी फेस. न्यूमोनिया म्हणून उपचार व्हायचे. मग इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आजार बारकाईनं अभ्यासला. अकरा हजार ते अठरा हजार फुटांवरच्या १९२५ सैनिकांची नोंद करून त्यांनी १९६९ला मोठा निबंध छापला. जगात आजही त्याचा दाखला देतात. आज जवानाला वर चढवताना आधी सहा दिवस, मग चार, मग आणखी चार दिवस टप्प्याटप्प्यानं थांबवतात, ते असल्या अभ्यासातूनच आलं.

कर्नलसाहेब खाली बसले. टाळ्या. शाल. नारळ. बाबांनी वर्तमानपत्र सोडवून तांब्या दिला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून सुभेदारकाका उठले. सातारकडचे, पायदळातले. मंडळात आले ते त्यांच्या मेव्हण्यामुळे, म्हणजे कोअरचे नव्हतेच. वीस वर्षांत ते एकदाही बोललेले नव्हते.

“साहेब, त्या १९२५ मधी मी हाय का?”

लोक हसले. ते हसले नाहीत.

“म्या बासष्टला वर गेलतो. चौथ्या दिवशी असंच झालं. डागदरनी वहीत लिवलं होतं समदं. रोज इचारायचे, लिवायचे. मग खाली धाडलं. म्हणून इचारतो.”

कर्नलसाहेब म्हणाले, “काका, निबंधात नावं नसतात. आकडे असतात.”

“ते खरं. नाव नगंच. पर हाय का, एवढंच.”

यावर उत्तर नव्हतंच. कर्नलसाहेब स्टेजवरून उतरले. एक खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. खिशातलं पेन काढलं आणि आमच्या निमंत्रणपत्रिकेची मागची कोरी बाजू मांडीवर घेतली. कुठली चौकी? कसे गेलात, ट्रकनं की विमानानं? डोकं आधी दुखलं की दम आधी लागला? झोपल्यावर जास्त की बसल्यावर? सुभेदारकाका सांगत होते. मध्येच वाकून त्यांनी बुटाची नाडी बांधायची खूण केली. बोटं कशी चालेनात, ते दाखवलं. पंचेचाळीस वर्षांनी ती बोटं त्या नाडीवर तशीच अडखळली. चमचावाला उभाच होता, पण चमचा त्यानं खिशात घातला होता.

आम्ही खुर्च्या घड्या करायला लागलो तरी ते दोघं बसलेलेच. मांडववाल्यानं दोनदा खाकरून दाखवलं. शेवटी पत्रिका घडी करून साहेबांनी शर्टाच्या खिशात ठेवली, काकांना हात जोडले आणि गाडीत बसून गेले. शाल नेली, नारळ नेला. तांब्या टेबलावरच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी तो चिंच लावून पुन्हा लखलखीत केला, पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि मला पिटाळलं. मी स्कूटरवरून कॉलेजच्या गेटवर. पहाऱ्यावरचा जवान आपल्याकडचाच निघाला.

“पिशवीत काय आहे?”

“कर्नलसाहेबांचं बक्षीस. संशोधनाचं.”

त्यानं कागद उलगडला, तांब्या उजेडात तिरका धरला आणि आत डोकावून पाहिलं.

“रिकामाच आहे,” असं म्हणून त्यानं मला वहीत नाव लिहायला सांगितलं.