बूस्ट वाढवल्यावर स्पार्क प्लग कसे निवडले : माझा अनुभव

रीमॅप केल्यावर, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची (ईसीयूची) सेटिंग्ज बदलल्यावर, गाडीचा बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब, वाढला, पिकअप वाढला आणि त्याबरोबर एक नवी कटकटही आली. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये तीन-साडेतीन हजार आरपीएमच्या आसपास थ्रॉटल पूर्ण दाबला की इंजिन मधेच मिसिंग मारायचं. झटका बारीक असायचा, पण पाठीला कळायचा. हलक्या पायाने चालवली की गाडी लोण्यासारखी. आयडलला काटा जागचा हलत नव्हता. स्कॅनर लावला तर पी०३००, म्हणजे कुठल्याही एका सिलिंडरचं नाव न घेणारा मिसफायर (मिश्रण नीट न पेटणं).

इंजिन दोन लिटरचं, चार सिलिंडरचं, टर्बोवालं. प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज देणारी स्वतंत्र कॉइल. दोष एकाच कॉइलचा असता तर कोडमध्ये त्या सिलिंडरचा नंबर आला असता, पी०३०१, पी०३०२ असा. तरी खात्रीसाठी कॉइल आपापसांत बदलून पाहिल्या. काही फरक पडला नाही.

फक्त लोडखालीच मिसफायर का होतो, हे समजून घेतलं आणि पुढची सगळी निवड सोपी झाली. ठिणगीला दोन इलेक्ट्रोडमधली फट ओलांडायची असते आणि त्या फटीत हवा-पेट्रोलचं दाबलेलं मिश्रण असतं. फ्रीडरिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये दाखवून दिलं की वायूतून ठिणगी पडायला लागणारं व्होल्टेज वायूचा दाब आणि फटीचं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. इंजिनातल्या दाबांना हे असं लागू होतं : बूस्ट वाढला की दाब वाढतो, दाब वाढला की तीच फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइलची ताकद मात्र तेवढीच राहते. सिलिंडर सर्वात जास्त भरतो तो टॉर्कच्या शिखरापाशी, म्हणून रेडलाइनच्या (आरपीएमच्या कमाल मर्यादेच्या) आधी, मधल्या आरपीएमलाच इंजिन अडखळतं. माझ्या गाडीची लक्षणं याच्याशी तंतोतंत जुळत होती.

इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं आणि मग प्लग काढले. ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडमधून गरम असताना प्लग ओढायचा नाही, आटे जायची भीती असते. काढण्याआधी प्लगच्या विहिरीत हवेचा फवारा मारून धूळ-कचरा उडवून दिला, नाहीतर तो थेट सिलिंडरमध्ये पडतो. चारही प्लग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडले.

वाचण्यासारखं बरंच होतं. चारही एकसारखे दिसत होते, म्हणजे एखादा इंजेक्टर किंवा एखादी रिंग वेगळी वागत नव्हती. तेलाचा ओलेपणा नव्हता, काळी काजळी नव्हती. पण आतल्या चिनी मातीच्या टोकाचा रंग फिका होता, जवळजवळ खडूसारखा पांढरा. निरोगी प्लगवर हे टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असतं. पांढरं टोक म्हणजे एकतर मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), नाहीतर प्लग जास्त तापतोय. वाइडबँडच्या (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणाऱ्या सेन्सरच्या) लॉगमध्ये मिश्रण जागेवर होतं, तेव्हा उरली ती उष्णता. चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे चमकदार कण कुठे दिसतात का, ते भिंग लावून पाहिलं. ते दिसले असते तर पिस्टन नॉकिंगने (मिश्रण अवेळी, धक्क्याने पेटण्याने) झिजायला लागला असा अर्थ झाला असता आणि प्लगची चर्चा तिथेच थांबवून आधी टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बघावं लागलं असतं. सुदैवाने एकही कण नव्हता. फट मोजली तर मूळच्या ०.८ मिमीवरून ०.९५ च्या आसपास सरकली होती आणि इलेक्ट्रोडच्या कडा गोलसर झाल्या होत्या.

सोबत उभ्या असलेल्या मित्राने बाहेरच्या पांढऱ्या भागावर, षटकोनाच्या वर उमटलेला तपकिरी पट्टा दाखवला. "अरे, इथून कॉम्प्रेशन लीक होतंय बघ." बऱ्याच जणांचा तसाच समज असतो. तो 'कोरोना' नावाच्या विद्युत विसर्जनाचा डाग असतो : उच्च व्होल्टेजमुळे प्लगभोवतीच्या हवेतले तेलाचे सूक्ष्म कण पृष्ठभागाकडे ओढले जाऊन तिथे चिकटतात. त्यावरून प्लग फेकायची गरज नसते.

आता निवड. प्लगची चर्चा कुठेही सुरू झाली की पहिला प्रश्न येतो तो इरिडियम की प्लॅटिनम. माझ्या मते हा प्रश्न सर्वात शेवटी यायला हवा. आधी मापं, मग हीट रेंज (प्लग उष्णता किती लवकर सोडतो ते), मग गॅप (इलेक्ट्रोडमधली फट) आणि त्यानंतर धातू.

मापांत मन चालवायला जागाच नाही. जुन्या प्लगवर एनजीके या कंपनीचा नंबर होता : बीकेआर६ईआयएक्स. यातल्या बी आणि के वरून १४ मिमीचे आटे आणि १६ मिमीचा षटकोन कळतो. आर म्हणजे आत रेझिस्टर आहे. ६ ही हीट रेंज. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. आयएक्स म्हणजे इरिडियम. आट्यांची लांबी कमी पडली तर हेडमधले उघडे राहिलेले आटे कार्बन धरतात. जास्त झाली तर प्लगचे आटे चेंबरमध्ये (मिश्रण जळतं त्या जागेत) डोकावतात, तिथे तापून लाल होतात आणि पिस्टन किंवा व्हॉल्व्हला धडकण्याचा धोका असतो. बैठक वॉशरची की निमुळती, हेही हेडच ठरवतं. रेझिस्टर नसलेला प्लग 'जास्त ताकदीचा' म्हणून घालणारे लोक मला भेटले आहेत. ईसीयू, सेन्सर आणि कॉइल इतके जवळजवळ असलेल्या इंजिनात तो विद्युत गोंगाट नको, म्हणून तो पर्याय मी विचारातही घेतला नाही.

खरा विचार करावा लागला तो हीट रेंजचा. प्लगचं टोक चेंबरमध्ये तापतं आणि ती उष्णता चिनी मातीतून, धातूच्या अंगातून हेडमध्ये उतरते. आतली चिनी मातीची नळी लांब असली की उष्णतेचा रस्ता लांब होतो आणि टोक गरम राहतं, तो गरम प्लग. नळी आखूड असली की उष्णता पटकन निघून जाते, तो थंड प्लग. टोकाचं तापमान साधारण ५०० ते ८५० अंश सेल्सियसच्या पट्ट्यात राहायला हवं. ४५० च्या खाली राहिलं तर काजळी जळून जात नाही, ती साठत जाते आणि शेवटी व्होल्टेज फटीतून न जाता काजळीवरून घसरून जातं. वरची मर्यादा ओलांडली तर टोक स्वतःच निखारा होतं आणि ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवतं. हे प्री-इग्निशन पिस्टनला भोक पाडू शकतं. म्हणजे जास्त थंड प्लगची शिक्षा खराब आयडल आणि गढूळलेला प्लग, तर जास्त गरम प्लगची शिक्षा इंजिन. शंका असेल तेव्हा थंड बाजूला झुकावं, पण हद्दीतच, असं माझं मत याच विषमतेमुळे झालं.

किती थंड? ट्यूनिंग करणाऱ्यांत चालत आलेला ढोबळ हिशेब असा, की दर ७५ ते १०० हॉर्सपॉवर वाढीला एक पायरी थंड. माझी वाढ त्या पट्ट्याच्या खालच्या काठावर होती. नुसत्या हिशेबावर गेलो असतो तर मूळची रेंजही चालली असती. पण प्लगचं पांढरं टोक समोर होतं आणि हिशेबापेक्षा ते जास्त भरवशाचं. ट्रॅकवर गाडी पळवणारा माझा एक ओळखीचा ट्यूनर दोन पायऱ्या थंड घ्या म्हणत होता. त्याच्या गाडीसाठी ते बरोबरच आहे, ती तासभर सलग पूर्ण थ्रॉटलवर असते. माझी गाडी सकाळी थंड सुरू होते आणि अनेकदा इंजिन नीट तापायच्या आत पोचते. तिथे दोन पायऱ्या थंड प्लग कधी ४५० अंशांवर जाणारच नाही. मी एक पायरी थंड घ्यायचं ठरवलं, म्हणजे ६ ऐवजी ७.

इथे एक खड्डा आहे आणि तो आधीच माहीत असलेला बरा. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलट, आकडा वाढला की गरम. शिवाय एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २० आणि ७ म्हणजे २२. एका कंपनीचा आकडा डोक्यात ठेवून दुसऱ्या कंपनीचा प्लग उचलला तर थंड हवा असताना गरम हातात येईल, म्हणून तुलनेचा तक्ता समोर ठेवूनच नंबर पक्का केला.

राहिला धातू. 'तांब्याचा प्लग' म्हणतात त्याच्या आत तांब्याचा गाभा असतो खरा, पण टोक निकेलच्या मिश्रधातूचं असतं. निकेल १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला आणि इरिडियम साधारण २४५० ला. वितळणबिंदू उंच, धातू कठीण, म्हणून इरिडियमचं टोक ०.६ मिमी किंवा त्याहूनही बारीक करता येतं आणि तरी टिकतं. बारीक टोकाभोवती विद्युत क्षेत्र एकवटतं, त्यामुळे ठिणगी पडायला व्होल्टेज कमी लागतं. बूस्ट असलेल्या इंजिनात इरिडियमचा खरा फायदा हाच, बीएचपी वाढण्याचा नव्हे. तांबं जास्त चांगलं वाहक, म्हणून ठिणगी जोरदार, हा युक्तिवाद मला पटला नाही. प्लगच्या आत पाच हजार ओहमच्या आसपासचा रेझिस्टर बसलेला असताना टोकाच्या धातूच्या ओहमच्या अंशांना काय किंमत? शिवाय इरिडियम प्लगचा गाभाही तांब्याचाच असतो. मात्र निकेलचे प्लग टाकाऊ नाहीत. जे वारंवार प्लग काढतात, ट्यून बदलत राहतात, त्यांना स्वस्तातले निकेल प्लग घालून लवकर लवकर बदलणं सोयीचं पडतं. बाहेरच्या इलेक्ट्रोडच्या तीन-चार पाकळ्या असलेले प्लग मी सोडून दिले. ठिणगी एका वेळी एकाच पाकळीवर पडते, बाकीच्या आयुष्य वाढवतात आणि ज्वालेच्या वाटेत उभ्या राहतात.

ठरलं ते बीकेआर७ईआयएक्स. खोक्यातून आल्यावर चारही प्लग जुन्यांच्या शेजारी ठेवून आट्यांची लांबी आणि बैठक ताडून पाहिली. इरिडियमच्या नावाने नकली माल बराच फिरतो, म्हणून छपाई स्वच्छ आहे का, मधलं टोक मधोमध आहे का, वॉशर आट्यांवरून निसटत तर नाही ना, हे पाहिलं आणि मल्टिमीटरने चौघांचा रोध मोजला. चारही एकमेकांच्या जवळपास होते.

गॅप ०.८ वर आलेली होती, मला ०.७ हवी होती. तार असलेल्या गेजने मोजून फक्त बाहेरची पट्टी हळूच वाकवली. नाण्यासारखी चकती फटीत घालून रेटण्याची पद्धत इरिडियमला चालत नाही. मधलं टोक इतकं बारीक असतं की ते तुटतं, आणि तुटलेलं डोळ्याला पटकन दिसतही नाही. मूळ गॅपपासून ०.२ मिमीपेक्षा जास्त हलवू नये, असंही एनजीके सांगते. याहून कमी, ०.६ वगैरे करण्याचा मोह टाळला. फट लहान झाली की ठिणगी हमखास पडते, पण ज्वालेचं पहिलं बीज छोटं राहतं आणि आयडलला इंजिन कुरकुरतं. फुंकर बसून विझणार नाही इतपत लहान आणि त्या हद्दीत शक्य तितकी मोठी, असं ते माप.

बसवताना रबरी नळीच्या टोकात प्लग अडकवून आटे हाताने धरवले. आटे वाकडे चढले तर नळी घसरते, हेड वाचतं. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण) लावलं नाही. या प्लगवर आधीच मुलामा असतो आणि घसरडं काही लावलं की टॉर्क रेंचचा आकडा फसवा होतो, प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. १४ मिमीच्या वॉशरवाल्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर. रेंच नसेल तर नवा वॉशर असताना हाताने टेकल्यानंतर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा.

त्याच रस्त्यावर, त्याच चढावर, चौथ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला. गाडी सरळ खेचत गेली. लॉगमध्ये मिसफायरचा रकाना चारही सिलिंडरना शून्य. थंड स्टार्टला मूळच्या प्लगइतकीच पटकन सुरू होते, ही माझ्या मनातली धास्तीही गेली. नंतर रोजचं शहरी चालवणं आणि मोठे प्रवास दोन्ही झाल्यावर पुन्हा प्लग उघडून पाहिले. टोकं फिकट तपकिरी, काजळी नाही, कडा धारदार.

खोक्यावरचं आयुष्य मूळ बूस्टच्या हिशेबाचं असतं, ते मी आता धरत नाही. गॅप ०.८ पर्यंत सरकली की प्लग बदलणार. पट्टी दाबून परत ०.७ करणं सोपं आहे, पण तोवर कडा गोल झालेल्या असतात आणि गोल कडेवरून ठिणगी पडायला त्याच फटीसाठीही जास्त व्होल्टेज लागतं. उद्या टर्बोच मोठा बसवला, तर हीट रेंज ८ करण्याआधी हेच प्लग काढून त्यांचा रंग बघेन.