ताई, बेस गिटारला किती वॅटचा अ‍ॅम्प घेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. एरवी हे उत्तर मी दारात उभ्या उभ्या देते आणि ते दर वेळी अर्धवट राहतं.

गेल्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थ्याची आई त्याच्यासोबत क्लासला आली. ते सिडकोत राहतात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा सहा महिन्यांपासून बेस शिकतोय, हात चांगला बसलाय, कॉलेजच्या पोरांसोबत बँडही जमतोय. आतापर्यंत तो मोठ्या भावाच्या गिटारच्या अ‍ॅम्पला बेस जोडून वाजवत होता. आई म्हणाली, "ताई, घरी रियाजाला आणि पुढे कार्यक्रमाला, दोन्हीकडे चालेल असा एकच अ‍ॅम्प सांगा. किती वॅटचा घेऊ?"

नाशिकमध्ये शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मला शंभरदा तरी आला असेल, आणि दर वेळी तो वॅटवरच येऊन थांबतो. खरं तर वॅट ही शेवटी बघायची गोष्ट आहे. आधी हे ठरवायला हवं की त्या पेटीतून कोणाला ऐकू जायला हवंय. माझं म्हणणं असं, की मोठ्या कार्यक्रमात छोटा कॉम्बो, म्हणजे सर्किट आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला, हा वाजवणाऱ्याने स्वतःला ऐकण्यासाठी असतो. लोकांना ऐकवायचं काम साउंडवाल्याचं. हे एकदा मान्य केलं की बाकीची निवड फार सोपी होते.

मला हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. मी पहिला अ‍ॅम्प घेतला तो १५ वॅटचा, आठ इंची स्पीकरचा. दुकानात सांगितलं होतं, घर आणि शो दोन्हीला चालेल. घरी तो खरंच छान वाजायचा. कॉलेजच्या गॅदरिंगला मागे ड्रम, शेजारी दोन गिटार, मला माझाच बेस ऐकू येईना, म्हणून प्रत्येक गाण्याला आवाजाचं बटण थोडं थोडं पुढे नेत गेले. तिसऱ्या गाण्यात स्पीकर फरफरायला लागला आणि चौथ्यात बंद पडला. दुसऱ्या दिवशी एमजी रोडजवळच्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे नेला. त्यांनी स्पीकरचा कागदी कोन, म्हणजे पुढचा शंकूसारखा पडदा, सोडवला, उलटा केला आणि मला आतली कॉइल दाखवली. तांब्याच्या बारीक तारेचं ते वेटोळं एका बाजूने काळं पडलेलं, त्यावरचं वार्निश जळून तारा एकमेकींना चिकटलेल्या. नाकाशी धरलं तर करपलेला वास. काका म्हणाले, "याच्या ताकदीबाहेरचं काम घेतलंत तुम्ही याच्याकडून." त्या कॉइलचा रंग अजून डोळ्यांसमोर आहे. अ‍ॅम्प घेणाऱ्या प्रत्येकाला मी तो सांगते.

त्यामागचं कारण समजून घ्या. चार तारांच्या बेसची सर्वांत खालची मोकळी तार, म्हणजे 'ई', ४१ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांच्या, आसपास असते. पाच तारांचा बेस घेतलात तर खालची 'बी' ३१ हर्ट्झला जाते. इतक्या खर्जातला सूर ऐकू येण्यासाठी स्पीकरला बरीच हवा ढकलावी लागते, कोन पुढे-मागे लांब सरकावा लागतो. वर आपला कान खर्जाला मंद आहे. मधल्या पट्टीतला आवाज आणि खर्जातला आवाज सारखे वाटायला हवे असतील तर खर्जाला कितीतरी जास्त जोर द्यावा लागतो. म्हणून गिटारवाल्याचा २० वॅटचा अ‍ॅम्प ड्रमच्या वर ऐकू येतो आणि बेसवाल्याचा २० वॅटचा हरवून जातो. भावाच्या गिटार अ‍ॅम्पमध्ये बेस वाजवू नको, हेही याचसाठी. हळू आवाजात चालून जातं. पण त्या स्पीकरचा कोन एवढं सरकण्यासाठी बनवलेला नसतो, त्यामुळे आवाज वाढवला की तो फाटतो.

आता वॅट. ४० चे ८० वॅट केले की आवाज दुप्पट होईल असं सगळ्यांना वाटतं. वाढतो तो फक्त ३ डेसिबल, म्हणजे कान देऊन ऐकलं तर कळेल इतपत. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी ताकद दहापट हवी. याउलट स्पीकर किती कार्यक्षम आहे यावर फार अवलंबून असतं. एक वॅट देऊन एक मीटरवर ९४ डेसिबल देणारा स्पीकर ४० वॅटवर जेवढा वाजेल, तेवढाच ९७ डेसिबलवाला २० वॅटवर वाजतो. त्यामुळे दोन अ‍ॅम्पमध्ये अडकलात तर पेटीवरच्या आकड्याऐवजी स्पीकरचा व्यास आणि पेटीचा आकार बघा. आठ इंची फक्त घरासाठी. दहा इंची घरी आणि लहान बैठकीत. बारा इंची ड्रमसोबत.

गंगापूर रोडवरच्या एखाद्या कॅफेत गाणारी मुलगी, एक गिटार, एक कहोन (वर बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) आणि तुम्ही असाल, तर ४० वॅटचा दहा इंची व्यवस्थित पुरतो. मी तसे कार्यक्रम बरेच केलेत. खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत सूर पोचतो आणि गाणाऱ्या मुलीच्या कानाशी घुमत नाही. पूर्ण ड्रमसेट आला की १०० वॅट आणि बारा इंचीच्या खाली जाऊ नका, कारण तालमीला साउंडवाला नसतो, तिथे सगळं तुमच्या पेटीवरच असतं. आणि लॉनवरच्या लग्नात किंवा कालिदास कलामंदिराच्या मंचावर? तिथे १०० काय नि ३०० काय, तुमची पेटी तुमच्यासाठीच. बाहेर वरातीत नाशिक ढोल उभा असेल तर त्याच्याशी कोणत्याच कॉम्बोने स्पर्धा करू नये.

इथेच माझी एकमेव अट येते, आणि तिच्यावर मी अडून बसते. अ‍ॅम्पच्या मागे डीआय हवा. म्हणजे तीन पिनांची, माइकच्या वायरची, एक्सएलआरची जागा. साउंडवाला तिथे वायर लावतो आणि तुमचा बेस थेट मिक्सरला जातो, मोठ्या स्पीकरमधून हजार माणसांना ऐकू येतो. तुमच्या मागची छोटी पेटी फक्त तुम्हाला सूर दाखवत राहते. म्हणून दहा किलोचा अ‍ॅम्प घेऊनही तुम्ही मोठा कार्यक्रम करू शकता. फेंडरच्या रंबल मालिकेत २५ ला ही जागा नाही, ४० ला आहे. दिसायला दोन्ही जुळी भावंडं, किमतीतला फरकही सहज डोळ्याआड होतो, आणि लोक २५ घेऊन येतात. मग पहिल्या कार्यक्रमाला साउंडवाला विचारतो, "मॅडम, लाइन कुठून घेऊ?" तेव्हा वेगळा डीआय बॉक्स शोधत फिरावं लागतं. अँपेगच्या दहा इंची आरबी-११० ला ती जागा आहे. इतरांचं मागचं पॅनल बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

डीआयजवळ ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे मिक्सरकडे जाणाऱ्या वायरपुरती अर्थ तोडणारं, छोटं बटण असेल तर फार उत्तम. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. अर्थिंगच्या घोळाने जी घरघर येते ती त्याच सुराची, आणि बेसच्या खालच्या तारेवर तिसऱ्या फ्रेटवर वाजणारा 'जी' ४९ हर्ट्झचा. म्हणजे घरघर तुमच्या सुरात येऊन मिसळते, आणि बेसूर कोण आहे तेच कळत नाही. ते बटण दाबलं की बहुतेक वेळा शांत होतं. पण एक गोष्ट अगदी हात जोडून सांगते. घरघर जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन कापणारे लोक मी पाहिलेत. लॉनवर जनरेटर, खाली ओलं गवत, हातात धातूच्या तारा आणि ओठांजवळ माइक. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे, आवाजासाठी नाही. घरघर परवडली.

आता घराकडे वळते, कारण अ‍ॅम्प आठवड्यातले सहा दिवस घरातच वाजतो.

त्या मुलाच्या घरी मी मुद्दाम गेले. झोपायची खोली दहा बाय अकरा फुटांची, कोपऱ्यात भावाचा अ‍ॅम्प जमिनीवर, भिंतीला टेकवलेला. त्याने हळूच वाजवायला सुरुवात केली. बाकी सगळे सूर ठीक होते, पण 'ए' आला की भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात मांडणीवरची ताटं झणझणायची. आई म्हणाली, "बघा, हा असा मोठ्याने वाजवतो." मोठ्याने तो वाजवतच नव्हता. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झचा आवाज अडकून घुमतो, अकरा फुटांच्या भिंतींमध्ये ५१ चा. खालचा 'ए' ५५ हर्ट्झचा. खोली स्वतःच तो सूर गात होती. त्यात कोपरा, म्हणजे खर्ज आणखी वाढणार. जमिनीवर ठेवल्यामुळे पेटीची थरथर स्लॅबमध्ये उतरून खालच्या घराच्या छतातून निघत होती, ते वेगळंच.

आम्ही अ‍ॅम्प कोपऱ्यातून काढला, भिंतीपासून हातभर पुढे घेतला आणि प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर जुन्या गादीचा फोमचा तुकडा घालून त्यावर ठेवला. तोंड थोडं वर, त्याच्या कानाकडे. खर्जाचं बटण मधल्या खुणेच्या जरा मागे. त्याने पुन्हा तोच 'ए' वाजवला. आई स्वयंपाकघरात जाऊन ताटावर बोट ठेवून उभी राहिली. ताट गप्प होतं. मुलगा मात्र म्हणाला, "ताई, आता तर मला जास्त स्पष्ट ऐकू येतंय." येणारच. अ‍ॅम्प जमिनीवर गुडघ्यांच्या मागे ठेवला की अर्धा सूर पोटऱ्यांवरच आदळतो, कानापर्यंत पोचायला त्याला वाटच नसते. मंचावरही हेच करा. खुर्चीवर ठेवलेला ४० वॅटचा अ‍ॅम्प जमिनीवरच्या १०० पेक्षा तुम्हाला बरा ऐकू येईल.

रात्रीसाठी हेडफोनची जागा लागतेच. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. पण बेसच्या बाबतीत मी कायद्याच्याही पुढे जाऊन सांगेन, कारण खर्ज भिंत ओलांडतो आणि शेजारच्या आजींना गाणं न ऐकू येता नुसता धप्प धप्प ठोका ऐकू येतो. त्याहून त्रासदायक काही नाही. हेडफोन लावल्यावर स्पीकर आपोआप बंद होतो का, तेवढं दुकानात तपासा. मोबाइल जोडायची ऑक्सची जागाही हवी. गाणं लावून त्यावर वाजवणं हाच बेसचा खरा रियाज आहे. तबल्याशिवाय नुसत्या डग्ग्यावर एकट्याने किती वेळ बसाल?

वजनाबद्दल थोडं. पूर्वी १०० वॅटचा कॉम्बो म्हटला की आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर आणि पंचवीस-तीस किलोचं धूड. आता क्लास डी नावाचं हलकं सर्किट आल्यापासून रंबल १०० दहा किलोचा आणि रंबल ४० आठेक किलोचा भरतो. दहा इंचीवाला अ‍ॅक्टिव्हाच्या पायदानावर उभा राहतो, बेस पाठीवर, आणि तुम्ही कोणाच्या गाडीची वाट न बघता कार्यक्रमाला पोचता. तालमीला जाणं-न जाणं अशा गोष्टींवर ठरतं, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. जड अ‍ॅम्प घेतलेले विद्यार्थी पावसाळ्यात तालमीला येईनासे होतात.

जुना घ्यायचा असेल तर जरूर घ्या, फक्त स्वतःचा बेस सोबत न्या. आवाज अगदी कमी ठेवून सुरुवात करा. हळू आवाजात सूर वेगवेगळे ओळखू येत नसतील तर तो अ‍ॅम्प घरी कामाचा नाही. मग मोकळी 'ई' वाजवत आवाज सावकाश वाढवा आणि खरखर किंवा फरफर कुठे सुरू होते ते ऐका. बंद करून कोनावर दोन्ही हातांची बोटं पसरून अलगद दाबा. आत काही घासल्यासारखं जाणवलं तर कॉइल गेलेली आहे. परदेशातून कोणी आणलेला असेल तर मागे २३० व्होल्ट लिहिलंय का ते बघा.

सिडकोच्या त्या मुलासाठी मी दहा इंची, ४० वॅटचा सांगितला. आईला वाटत होतं, एकदाच घ्यायचा तर मोठाच घेऊ. मी म्हटलं, त्याच्या बँडची तालीम जिथे होते तिथे ड्रमवाला हळू वाजवायला शिकलाय का, हे मी बघून येते. गेले. छोटी खोली, ड्रमवर पोरगा काठ्यांऐवजी मऊ ब्रशने वाजवत होता, गाणारी मुलगी माइकशिवाय ऐकू येत होती. तिथे ४० पुरेल. परवा तो अ‍ॅम्प घेऊन तिसऱ्या मजल्यावर एका दमात चढला, असं आईने फोनवर सांगितलं. आणि विचारलं, "ताई, स्टूल तेच ठेवू ना?"