जपानीचा चौदावा महिना: पद्धतींची तुलना आणि मधली इंग्रजी

जुलैमध्ये दिलेल्या जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या एन-फाइव्ह या सर्वांत सोप्या पातळीचा निकाल हाती आला आहे. 180 पैकी 118 गुण मिळाले. त्यांत भाषाज्ञान आणि वाचनाचे 120 पैकी 91, तर ऐकण्याचे 60 पैकी 27. उत्तीर्ण होण्यासाठी एकूण 80 आणि या दोन विभागांत अनुक्रमे किमान 38 व 19 गुण लागतात, त्यामुळे उत्तीर्ण झालो. तरीही वाचता येते आणि ऐकून कळत नाही, ही तफावत मनाला लागून राहिली आहे. चौदा महिन्यांची वही पुन्हा चाळली, तेव्हा या तफावतीचे मूळ मी कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या क्रमाने शिकलो यात आहे असे दिसले.

पहिले पाच महिने मी ठाण्यात घरीच, इंग्रजीतून लिहिलेल्या पाठ्यपुस्तकावरून शिकलो. आधी नियम, मग शब्दांची यादी, मग वाक्यांचे भाषांतर, असा त्याचा क्रम होता. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून इंग्रजी किंवा भांडारकरांच्या मार्गोपदेशिकेवरून संस्कृत शिकलेल्या घरांना ही पद्धत नवी नाही. तिने वाचन लवकर येते, हे मान्य करायला हवे. पण कान तसाच कोरा राहतो. फ्रांस्वा गूआँ या फ्रेंच शिक्षकाने एकोणिसाव्या शतकात जर्मन शिकण्यासाठी व्याकरणाचे पुस्तक आणि 248 अनियमित क्रियापदे दहा दिवसांत पाठ केली आणि नंतर प्रत्यक्ष बोलणे ऐकायला गेल्यावर त्याला एक शब्दही कळला नाही. परीक्षेच्या ध्वनिफितीचा दुसरा प्रश्न सुरू झाला, तेव्हा मला त्याच माणसाची आठवण झाली.

सहाव्या महिन्यात मी घणसोलीच्या एका लहान वर्गात जाऊ लागलो. ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या गाडीने तिथे पोहोचणे सोपे होते, आणि तिथल्या शिक्षिका वर्गात जपानीखेरीज दुसरी भाषा वापरत नसत. ही थेट पद्धत. मॅक्सिमिलियन बर्लिट्झने 1878 साली अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथे शाळा काढली, त्यानंतर तिचा मोठा प्रसार झाला. बर्लिट्झ आजारी पडला असताना निकोलस जोली या फ्रेंच साहाय्यकाने वर्ग सांभाळला, त्याला इंग्रजी येत नव्हते, आणि तरीही विद्यार्थ्यांची प्रगती झपाट्याने झाली, अशी तिची जन्मकथा सांगतात. आमच्या वर्गात एकदा धो धो पाऊस लागला होता. शिक्षिकांनी खिडकीकडे बोट दाखवले आणि त्या म्हणाल्या, ‘आमे गा फुत्ते इमासु.’ पाऊस पडतो आहे. हे वाक्य मला कधीच पाठ करावे लागले नाही. मात्र त्याच वर्गात त्यांनी ‘केक्कोन शिते इमासु का?’ असे विचारले, तेव्हा पावसाच्या वाक्यावरून मी त्याचा अर्थ ‘लग्न करत आहात का?’ असा लावला. प्रश्न ‘लग्न झालेले आहे का?’ असा होता. मराठीच्या एका वाक्याने हा गोंधळ मिटला असता, आणि तेवढे एक वाक्य बोलण्याची त्या पद्धतीत मुभा नव्हती. पुढचे तीन आठवडे मी चुकीच्या समजुतीवर इमारत चढवत राहिलो.

आता ज्या गोष्टीसाठी ही नोंद लिहायला घेतली, तिच्याकडे येतो. जपानी शिकणारे आम्ही पाच जण दर रविवारी सकाळी ठाण्यातल्या तलावपाळीवर भेटतो. गटात एक निवृत्त संस्कृत शिक्षिका आहेत. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. माझ्या वहीत ‘तोमोदाची ओ आऊ’ असे वाक्य तीन ठिकाणी चुकलेले पाहून त्यांनी विचारले, ‘तुम्ही मित्र भेटता की मित्राला भेटता?’ जपानीत तिथे ‘नी’ येतो: ‘तोमोदाची नी आऊ’, म्हणजे मित्राला भेटणे. इंग्रजीत मित्राचा शब्द थेट कर्म म्हणून येतो, म्हणून मी कर्माचा ‘ओ’ लावत होतो. माझ्या मातृभाषेत असलेले उत्तर सोडून मी ते परक्या भाषेच्या वळशाने शोधत होतो आणि चुकत होतो.

त्या दिवसापासून आम्ही मधली इंग्रजी काढून टाकली आणि जे सापडत गेले त्याने मी थक्क झालो. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते, शब्दयोगी अव्यये नामानंतर येतात, हे पुस्तकी साम्य सगळ्यांना ठाऊक असते. पण ‘ताबेते मिरु’ म्हणजे शब्दशः ‘खाऊन पाहणे’, ‘काइते ओकु’ म्हणजे ‘लिहून ठेवणे’, ‘मोत्ते कुरु’ म्हणजे ‘घेऊन येणे’, हे कोणी सांगत नाही. इंग्रजी पुस्तक यांतल्या प्रत्येकासाठी अर्धे पान समजावणी देते. मराठी माणसाला ती समजावणी आईच्या बोलण्यातून आधीच मिळालेली असते. ‘ओचिरु’ आणि ‘ओतोसु’ ही जोडी म्हणजे आपले पडणे आणि पाडणे. ‘कोवारेरु’ आणि ‘कोवासु’ म्हणजे मोडणे आणि मोडून टाकणे. ‘इकिमासु का?’ या प्रश्नातला ‘का’ तर ‘जाता का?’ मधल्या ‘का’च्याच जागी, त्याच कामाला बसलेला आहे. हे साम्य योगायोगाचे आहे, दोन्ही भाषांचे नाते नाही. पण शिकणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. म्हणून भाषांतर पद्धतीला सरसकट जुनाट म्हणणे मला आता पटत नाही. कोणत्या भाषेतून भाषांतर करता, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

ऐकण्याच्या बाबतीतही बाईंनीच दिशा दाखवली. जपानी बोलणे समान लांबीच्या ठोक्यांत चालते, आणि हे ठोके आपल्या वृत्तांतल्या मात्रांसारखे मोजता येतात. ‘निप्पोन’ म्हणजे नि, प्, पो, न् असे चार ठोके. जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू, म्हणजे दोन मात्रांचे, धरले की आपली मोजणीही चारच येते. ‘किते’ म्हणजे ‘येऊन’ आणि ‘कित्ते’ म्हणजे टपालाचे तिकीट, ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी, हा फरक टाळी वाजवत मोजला की कानाला धरता येतो. पण याच ठिकाणी मराठी कान फसवतोही. आपल्या छंदशास्त्रात ए आणि ओ नेहमी गुरू. जपानीत ते ऱ्हस्वही असतात. ‘कोको’ म्हणजे ‘इथे’, दोन ठोके. ‘कोओकोओ’ म्हणजे उच्च माध्यमिक शाळा, चार ठोके. मी पहिला शब्द नेहमी दुसऱ्यासारखा ओढत होतो, आणि ऐकतानाही दोन्ही एकच समजत होतो. गेलेल्या 33 गुणांपैकी बरेच याच खड्ड्यात गेले असावेत.

जिथे मातृभाषा हात टेकते, तिथे थेट पद्धतीचा मोठेपणा कळतो. नामामागे लागणाऱ्या ‘वा’ आणि ‘गा’ या प्रत्ययांतला फरक आम्ही ‘तर’ आणि ‘च’ लावून पाहिला. ‘वाताशि वा इकिमासु’ म्हणजे ‘मी तर जाणार’ आणि ‘वाताशि गा इकिमासु’ म्हणजे ‘मीच जाणार’ इथपर्यंत ठीक जमते. पण ‘आमे गा फुत्ते इमासु’ म्हणजे ‘पाऊसच पडतो आहे’ नव्हे. तो ‘गा’ मला त्या दिवशी खिडकीनेच शिकवला, आणि तसे शेकडो ‘गा’ ऐकल्याशिवाय तो अंगी मुरणार नाही. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी 1980 च्या सुमारास मांडले की आपल्या पातळीच्या किंचित पुढचे, पण अर्थ लागेल असे पुष्कळ ऐकणे-वाचणे हेच भाषा येण्याचे मुख्य कारण आहे. ते एकमेव कारण आहे असे मला वाटत नाही. पण ‘वा’ आणि ‘गा’ यांच्यापुरते ते माझ्या अनुभवाशी तंतोतंत जुळते.

साचेबंद वाक्ये पुन्हा पुन्हा म्हणण्याची, दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैन्याच्या भाषावर्गांतून पुढे आलेली पद्धत मी सात आठवडे गाडीत करून पाहिली. उच्चार सुधारले, वाक्ये मात्र नव्या प्रसंगी सुचली नाहीत. शब्दांसाठी अँकी या उजळणीच्या अ‍ॅपची कार्डे रोज वीस मिनिटे चालू आहेत, फक्त आता मागच्या बाजूला मराठी अर्थ आहे.

सध्याचा क्रम असा आहे: नवी रचना आली की प्रथम मराठीत तिची जोडी शोधायची, मग टाळीवर मात्रा मोजून ती दहा वेळा म्हणायची, आणि त्यानंतर अर्धा तास ती रचना येणारे संवाद मजकूर न पाहता ऐकायचे. डिसेंबरमधल्या पुढच्या पातळीसाठी, म्हणजे एन-फोरसाठी, एकूण 90 गुण लागतील. ऐकण्यात 40 चे लक्ष्य ठेवले आहे. बाईंच्या वहीत क्रियापदांच्या 31 जोड्या झाल्या आहेत. क्रिया पुरती संपल्याचे दाखवणारे ‘शिमाउ’ अजून बसत नाही: ‘ताबेते शिमाउ’ला ‘खाऊन टाकणे’ चालते, पण ‘वासुरेते शिमाउ’ला ‘विसरून जाणे’ घ्यावे लागते, आणि टाकणे कुठे व जाणे कुठे हे ठरवायला आणखी उदाहरणे हवी आहेत. कोणाकडे असतील तर मराठी अर्थासह पाठवावीत. येत्या रविवारी तलावपाळीवर तीच घेऊन बसणार आहोत.