खाडी ते खाडी, अकरा सागरी मैल: निवृत्तीनंतर किनाऱ्यावर राहायला जाणाऱ्यांसाठी

किनाऱ्यावर घर बघायला माणसं हमखास भरतीच्या वेळी जातात. पाणी काठोकाठ असतं, बोटी डुलत असतात, मन लगेच हो म्हणतं. जावं उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी. धक्क्याच्या किती शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात, बोट चिखलात बसते का, खाडीच्या तोंडावर लाटा कुठे फुटतात, हे तेव्हाच कळतं. आमच्या छोट्या शिडाच्या बोटीचा एका खाडीतून दुसऱ्या खाडीपर्यंतचा हा प्रवास एका दिवसाचा न राहता मुक्कामाचा झाला तो त्या तोंडावरच्या दांड्यामुळेच, म्हणजे पाण्याखालच्या रेतीच्या उंचवट्यामुळे.

बोट साडेसहा मीटरची, तळाखालचा कणा धरून तरंगायला १.२ मीटर पाणी लागणारी, मागे ५ अश्वशक्तीचं इंजिन. माणसं दोन, दोघंही साठीपुढची. यापेक्षा मोठी बोट घेऊ नये असं आमचं मत. शीड एकट्याला उतरवता आलं पाहिजे आणि नांगर कंबर न धरता उचलता आला पाहिजे.

ओहोटी पहाटे ५:४० ला, ०.६ मीटर, भरती ११:५० ला, ३ मीटर. फरक २.४ मीटर, त्याचा बारावा भाग ०.२. भरती तासागणिक १, २, ३, ३, २, १ अशा बाराव्या भागांनी चढते. हा अंदाजच, पण खाडीच्या फार आत नसाल तर कामाचा. म्हणजे ७:४० ला १.२ मीटर, ८:४० ला १.८. दांड्यावर नकाशातली खोली ०.२ मीटर, ती भरतीच्या उंचीत मिळवायची. बोटीचे १.२ आणि लाटेच्या खळग्यासाठी अर्धा मीटर धरला तर १.७ मीटर पाणी हवं. ते ८:१० ला मिळतं, १.५ अधिक ०.२. बोट ८:२० ला दांड्यावरून गेली. अर्धा मीटर पुरतो तो समुद्र शांत असेल तरच. दांड्यावर पांढरं फुटताना दिसलं तर हिशेब बाजूला ठेवून परत फिरायचं.

बाहेर मतलई वाऱ्यावर, म्हणजे सकाळी जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्यावर, दीड तास साडेतीन नॉट (ताशी सागरी मैल) वेग मिळाला. दहाच्या आत वारा पडला, तो पडतोच. इंजिन लावलं तर बाजूने उडणारी, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धार सुतासारखी बारीक. दांड्यावरून जाताना पंख्याने ढवळलेली रेती धारेच्या भोकात अडकते. इंजिन बंद करून वर उचला आणि बारीक तार भोकात फिरवा. दोन मिनिटांचं काम आहे. तसंच चालवलं तर इंजिन तापतं आणि पंपाचं रबरी चक्र जातं. ते एक सुटं जवळ असू द्या. पेट्रोलचे तीन वाटे करा: जायला, यायला आणि हात न लावायला.

पावणेअकराच्या सुमारास खारा वारा, म्हणजे समुद्रावरून येणारा, आला. ११:१५ ला दुसऱ्या खाडीत नांगर पडला. खोली साडेचार मीटर, नाळ (बोटीचं पुढचं टोक) पाण्यापासून ०.८ मीटर उंच, मिळून ५.३. दिवसा याच्या पाचपट, रात्री सातपट, म्हणजे सुमारे ३७ मीटर साखळी-दोर सोडायचा. आणखी एक वजाबाकी विसरायची नाही: ओहोटीला इथे सव्वादोन मीटरच उरणार. प्रवाह उलटला की बोट पूर्ण फिरते, म्हणून शेजारच्या बोटीपासून तेवढं अंतर हवं.

त्याच दिवशी परतणं कागदावर जमत होतं. बाराला निघून पावणेतीनला घरच्या दांड्यावर, पाणी ३:२० पर्यंत पुरेसं. पण दुपारी खारा वारा पंधरा नॉटपर्यंत चढतो आणि ओहोटीचं पाणी त्याच्या समोरून बाहेर पडत असतं. या दोघांच्या टकरीत दांड्यावर लाट उभी राहते, आखूड आणि चढी. पाणी पुरेसं असूनही छोट्या बोटी आडव्या होतात त्या इथेच. दुसऱ्या दिवशी भरती सुमारे ५० मिनिटं उशिरा, १२:४० ला. सकाळी नऊनंतर निघून दुपारी बाराला चढत्या पाण्यावर आत येता आलं. शीड पहिल्या टप्प्याइतकं आखडून, म्हणजे लहान करून, निघण्याआधीच बांधलेलं होतं. वारा वाढल्यावर डोलकाठीशी उभं राहून दोर ओढणं साठीनंतर नको.

शिडी पाण्याखाली किमान तीन पायऱ्या जाणारी हवी. निघण्याआधी उथळ पाण्यात, अंगावर कपडे आणि जॅकेट असताना, तिच्यावरून चढून बघा. कोरड्या धक्क्यावर भक्कम वाटणारी दोन पायऱ्यांची शिडी भिजलेल्या माणसाला उपयोगी पडत नाही, कारण पाय बोटीखाली सरकतात. उलटीवरच्या गोळ्यांनी झोप येते. रोजची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि पहिली गोळी घरी असतानाच घेऊन बघा.

परतल्यावर इंजिनातून दहा मिनिटं गोडं पाणी फिरवा, आणि साखळीच्या आकड्यांच्या खिळ्यांना बांधलेली तार हाताने चाचपून बघा.